वाटेवरचा माल

आमच्या राहत्या घराच्या पुढच्या खोलीत वडिलांचं किराणा दुकान होतं. गल्ल्याच्या डाव्या हाताला भिंतीत एक खिळा, खिळ्याला टोकाशी वाकवलेली तार आणि तारेत ओवलेल्या बिल्ट्या. बिल्टी म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याची पावती. माल गाडीत चढलाय पण आपल्या दारात उतरलेला नाही, एवढंच ती सांगते. रात्री दुकान बंद करण्यापूर्वी वडील मागणी लिहायला बसत. वही उघडायच्या आधी त्यांचा हात तारेकडे जायचा. ते पातळ, पिवळट कागद अंगठ्याने एकेक सरकवत ते स्वतःशीच बोलत, "साखर सुटलीय. पोहे सुटलेत. साबण अजून नाही." मग वही.

लहानपणी मला ती नुसती सवय वाटायची, काही माणसं झोपताना दाराची कडी दोनदा बघतात तशी. त्या तारेचा अर्थ मला लागला तो फार उशिरा, कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये, चहाच्या खोट्या पेट्यांचा धंदा करणाऱ्या मुलांकडे बघताना.

मी नाशिक जिल्ह्यातल्या एका कॉलेजात एमबीएच्या मुलांना पुरवठा साखळी शिकवते. सुरुवातीची बरीच वर्षं खडू-फळ्यावरच शिकवलं. 'बुलव्हिप इफेक्ट' हा त्यातला ठरलेला धडा. गिऱ्हाइकाची मागणी थोडी वाढली की दुकानदार जरा जास्तच मागवतो, घाऊक व्यापारी त्याहून जास्त, वितरक त्याहून जास्त, आणि कारखान्यापर्यंत पोहोचेतो त्या थोड्याशा चढाचा डोंगर होतो. मनगटाला हलका झटका दिला तरी आसुडाचं टोक कडाडतं, तसं. उदाहरणही ठरलेलं असायचं. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीने पॅम्पर्सच्या मागण्या तपासल्या. बाळं काही एका आठवड्यात दुप्पट आणि पुढच्या आठवड्यात निम्मे लंगोट ओले करत नाहीत, त्यामुळे दुकानांतली विक्री बऱ्यापैकी एकसारखी होती. वितरकांकडून येणाऱ्या मागण्या मात्र चांगल्याच वरखाली होत होत्या, आणि कंपनी स्वतः कच्च्या मालासाठी ज्या मागण्या पाठवत होती त्या त्याहून वरखाली. स्टॅनफर्ड विद्यापीठातले प्राध्यापक हाऊ ली आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 1997 मध्ये या प्रकाराची चार कारणं मांडली. माझी मुलं ती चारही कारणं पाठ करत, पेपरात आसुडाचं चित्र काढत आणि मी त्यांना पैकीच्या पैकी मार्क देत असे.

मग एका वर्षी, धडा शिकवून झाल्यावर, त्याच मुलांना मी खेळायला बसवलं.

खेळ जुना आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या स्लोन स्कूलमध्ये 1960 च्या आसपास तो तयार झाला. तिकडे तो बिअरच्या धंद्याचा आहे. मी बिअरच्या जागी चहा पावडर घेतली, बाकी नियम तेच ठेवले. चार खुर्च्या असतात: दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना. प्रत्येकाच्या पडद्यावर फक्त स्वतःचा धंदा दिसतो. एकमेकांशी बोलायचं नाही. आठवड्याला एकच निर्णय घ्यायचा, वरच्याकडून किती पेट्या मागवायच्या. मागणी वर पोहोचायला दोन आठवडे, माल खाली यायला आणखी दोन. पडून राहिलेल्या पेटीला आठवड्याला 1 रुपया खर्च आणि देणं राहिलेल्या पेटीला 2 रुपये. चौघांचा मिळून खर्च कमीत कमी यावा, हे उद्दिष्ट. भाव ठरवायचा नाही, जाहिरात करायची नाही, माणसं नेमायची नाहीत. धंद्यातला याहून साधा निर्णय माझ्या तरी माहितीत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी एकमेकींना जोडलेल्या चार गूगल शीट तयार केल्या. खालच्याने टाकलेला आकडा दोन आठवड्यांनी वरच्याच्या पडद्यावर उमटेल, एवढं एक गणित बसवायला मला चार दिवस लागले.

दुकानदाराच्या खुर्चीत पहिल्या वर्षी एक हुशार मुलगी होती. तिच्याकडे 12 पेट्या शिल्लक, आठवड्याला 4 विकल्या जातायत आणि 4 येतायत. पहिले चार आठवडे असेच जातात, मुलांना कंटाळा येतो. पाचव्या आठवड्यात गिऱ्हाईक 8 पेट्या मागतं. तिने भुवया उंचावल्या आणि 8 मागवल्या. शहाण्यासारखंच वागली. शिल्लक 12 ची 8 झाली. पुढच्या आठवड्यात गिऱ्हाईक पुन्हा 8, माल आला 4, शिल्लक 4. सातव्या आठवड्यात शिल्लक शून्य. आठव्यात पडद्यावर लाल रंगात उणे 4. तिने पाचव्या आठवड्यात मागवलेल्या पेट्या तोवर वाटेतच होत्या, नवव्या आठवड्यात येणार होत्या. पण लाल आकडा समोर असताना माणसाला वाट दिसत नाही. तिने 16 मागवल्या. पुढच्या आठवड्यात 20.

वरच्या घाऊक व्यापाऱ्याला गिऱ्हाईक दिसतच नाही. त्याला दिसतो तो फक्त दुकानातून येणारा आकडा: 4, 4, 8, मग अचानक 16, 20. त्याच्या दृष्टीने गावात चहाचा पूर आलाय. त्याने 30 मागवल्या. "मॅडम, वरून मालच येत नाही तर मी काय देऊ?" असं तो बोलायची बंदी मोडून ओरडला. लॅबमध्ये आवाज चढायला लागले. चहाच्या पेट्या खऱ्या नाहीत, पैसे खरे नाहीत, मार्कही नाहीत, आणि तरीही तिथला राग अगदी खरा होता. त्या रागाची मला अपेक्षा नव्हती.

मग माल यायला लागला. मागवलेला सगळा, एकामागून एक, थांबवता न येणारा. दुकानात 40 पेट्या साठल्या, घाऊक व्यापाऱ्याकडे त्याहून जास्त. खालून येणारी मागणी शून्यावर आली. कारखान्याच्या खुर्चीतल्या मुलाने नुकतंच उत्पादन भरमसाट वाढवलं होतं. आठवड्यामागून आठवडे त्याच्या पडद्यावर एकच शून्य येत राहिलं आणि शिलकीचा खर्च चढत गेला.

इथे माझं चुकलं. खेळ संपल्यावर मी फळ्यावर चौघांचे खर्च उतरत्या क्रमाने लिहिले. कारखान्याचं नाव सगळ्यात वर. वर्ग हसला. 'कंपनी बुडवली रे तू' म्हणून पोरांनी त्याला दिवसभर चिडवलं. संध्याकाळी तो मला भेटायला आला आणि शांतपणे म्हणाला, "मॅडम, मी नेमकं काय वेगळं करायला पाहिजे होतं?" मी काहीतरी बोलले, पण त्याच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. पुढच्या वर्षी त्या खुर्चीत दुसरा मुलगा बसला आणि आलेख जवळजवळ तसाच आला. त्याच्या पुढच्या वर्षी एक मुलगी. पुन्हा तोच डोंगर, पुन्हा तीच दरी. तेव्हा मला पहिल्या मुलाला बोलावून सांगावंसं वाटलं की दोष तुझा नव्हता, त्या खुर्चीत कुणीही बसलं असतं तरी हेच झालं असतं. तोपर्यंत तो पास होऊन पुण्याला गेला होता. फोन केला. त्याला तो दिवस आठवत होता.

तेव्हापासून मी खर्च फळ्यावर लिहीत नाही. खेळ थांबला की प्रत्येकाला कोरा कागद देते आणि सांगते, गिऱ्हाइकाची मागणी कशी बदलत गेली असेल ते काढून दाखवा. दुकानदार सोडून बाकी कुणी गिऱ्हाईक पाहिलेलंच नसतं. मुलं मन लावून काढतात. कुणी मोठी लाट काढतं, कुणी तीन टेकड्या. एकाने बाजूला 'इथे लग्नसराई असावी' असं लिहिलं होतं. सगळे कागद भिंतीला चिकटवून झाले की मी पडद्यावर खरी मागणी दाखवते: 4, 4, 4, 4 आणि मग शेवटपर्यंत 8. एक पायरी आणि पुढे सरळ रेघ. गिऱ्हाईक पूर्ण खेळात एकदाच हललेलं असतं.

त्यानंतर दोन-तीन मिनिटं मी काही बोलत नाही. शिक्षकाला गप्प बसणं फार जड जातं, मला तर जातंच. पण मुलं त्या रेघेकडे बघतात, मग स्वतःच्या टेकडीकडे, मग शेजारच्याकडे, ज्याला ती तासभर शिव्या घालत होती. त्या दोन-तीन मिनिटांत जे होतं ते माझ्या कुठल्याही व्याख्यानाने कधी झालेलं नाही.

या खेळामागचा विचार ज्यांचा, ते जे फॉरेस्टर मुळात नेब्रास्कातल्या गुरांच्या रँचवर वाढलेले विद्युत अभियंते. कॉम्प्युटरची चुंबकीय कोअर मेमरी घडवण्यात त्यांचा मोठा वाटा. 1956 मध्ये ते स्लोन स्कूलमध्ये आले. तिथे जनरल इलेक्ट्रिकच्या लोकांनी त्यांच्यासमोर एक कोडं ठेवलं. केंटकीतल्या त्यांच्या घरगुती उपकरणांच्या कारखान्यात कधी तीन-चार पाळ्यांत काम चालायचं, तर काही वर्षांनी निम्म्या कामगारांना घरी पाठवावं लागायचं. बाजाराची तेजी-मंदी, असं त्याचं सोपं उत्तर होतं. फॉरेस्टरना ते पटलं नाही. त्यांनी माणसांना विचारलं, शिल्लक किती असली की तुम्ही काय करता, मागण्या वाढल्या की माणसं कधी घेता. मग वहीच्या एका पानावर रकाने आखले, शिल्लक, कामगार, मागण्या, आणि पेन्सिलीने आठवड्यामागून आठवडा आकडे मांडत गेले. बाहेरून येणारी मागणी स्थिर ठेवली तरी कारखान्यातली माणसं वरखाली होत राहिली. चढउतार बाहेरून येत नव्हता, निर्णय घेण्याच्या पद्धतीतच तो मुरलेला होता.

मला ते वहीचं पान फार आवडतं. आपण सिम्युलेशन, म्हणजे खऱ्या व्यवहाराची आकड्यांतली नक्कल, म्हटलं की मोठं मशीन डोळ्यांसमोर आणतो. मशीन होतंच. अमेरिकन मॅनेजमेंट असोसिएशनने 1957 मध्ये कंपन्यांच्या अधिकाऱ्यांसाठी धंद्याचा खेळ मांडला तो आयबीएम 650 या कॉम्प्युटरवर. पण फॉरेस्टरचं पहिलं सिम्युलेशन म्हणजे पेन्सिल आणि रकाने, आमच्या दुकानातल्या वहीसारखंच.

एका वर्षी ऐन खेळात लॅबची वीज गेली. मुलांना परत पाठवायचं जिवावर आलं, म्हणून शेजारच्या वर्गात बाकं जोडून आम्ही चिंचोक्यांवर खेळलो. लॅबच्या मावशींनी घरून पिशवीभर चिंचोके आणून दिले. एक चिंचोका म्हणजे एक पेटी. मूळ खेळही असाच पटावर आणि चकत्यांवर खेळत, पण माझ्या मनात वेगळीच आशा होती. पडद्यावर वाटेवरचा माल दिसत नाही म्हणून मुलं विसरतात, असं मी धरून चालले होते. इथे तर चिंचोके दोन बाकांच्या मधोमध ढीग करून पडलेले होते. हात लांबवला तर लागतील एवढ्या अंतरावर. आणि तरीही मुलांनी दुप्पट-तिप्पट मागवलं. एका मुलाच्या कोपराशी 30 चिंचोके येऊन थांबले होते आणि तो चिठ्ठीवर 25 लिहीत होता.

स्लोन स्कूलचेच प्राध्यापक जॉन स्टरमन यांनी 1989 मध्ये या खेळाचा बारकाईने अभ्यास करून नेमकं हेच दाखवलं होतं. खेळणाऱ्यांचा खर्च सरासरीने किमान शक्य खर्चाच्या सुमारे दहापट येत होता, आणि त्याचं मुख्य कारण म्हणजे मागवलेला पण न आलेला माल लोक हिशेबात धरत नव्हते. समोर असला तरी. हे मी वाचलेलं होतं, शिकवलेलंही होतं. मला ते पटलं मात्र त्या चिंचोक्यांमुळे.

खेळाची एक गोष्ट मला अजून टोचते. मी मुलांना 50 आठवडे खेळायचंय असं सांगते आणि 36 व्या आठवड्याला थांबवते. शेवट कळला की मुलं शेवटच्या फेऱ्यांत गोदाम रिकामं करत सुटतात, आणि खऱ्या धंद्याला असा शेवटचा आठवडा नसतो. कारण योग्य आहे, पण मुलांशी खोटं बोललेलं मला आवडत नाही, म्हणून थांबवल्या थांबवल्या पहिली गोष्ट हीच सांगते. याच कारणाने, गुणतक्ता आणि विजेता असलेले तयार खेळ मी वर्गात फारसे आणत नाही. मुलं बाजार समजून घेण्याऐवजी खेळाचं सूत्र शोधायला लागतात, आणि हुशार मुलांना ते सापडतंही.

गेल्या वर्षी खरी रेघ दाखवल्यावर निफाडकडचा एक मुलगा उभा राहिला. एरवी तो वर्गात बोलत नाही. म्हणाला, "मॅडम, हा तर आमचा कांदा आहे."

मी म्हटलं, सांग.

"ज्या वर्षी भाव सापडतो, त्या वर्षी अख्खा गाव रोप टाकतो. बियाणं टाकल्यापासून माल मार्केटला न्यायला पाच-सहा महिने. तोपर्यंत कुणी किती लावलाय ते कुणालाच दिसत नाही. आणि मग लासलगावला ट्रॅक्टरची रांग लागते, त्यात सगळे आपलेच ओळखीचे."

अर्थशास्त्रात याला कोळ्याच्या जाळ्याची उपमा देतात, मॉर्डेकाय इझिकिएल यांचा त्यावरचा निबंध 1938 चा आहे. मी ते सांगायला लागले, पण त्याचं बोलणं संपलेलं नव्हतं. "पण एक फरक आहे मॅडम. तुमच्या खेळात नियम बदलत नाहीत. आमचा लाल कांदा मार्केटला होता आणि डिसेंबरात निर्यातबंदी आली." तो 2023 चं बोलत होता. ती बंदी पुढच्या मे महिन्यापर्यंत राहिली. "खुर्चीत बसलेल्याने कितीही डोकं लावलं तरी त्याचं काय करायचं?"

उत्तर देता येण्यासारखा तो प्रश्न नव्हता. वर्गात आठ-दहा मुलं शेतकऱ्यांच्या घरची होती आणि सगळी माझ्याकडे बघत होती. मी कबूल केलं की हा खेळ एवढंच दाखवतो की बाहेर काहीही न बिघडता आपण आपल्याच हातांनी किती बिघडवू शकतो. बाहेरचंही बिघडतं, तेव्हा काय होतं ते तुझ्या वडिलांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्याने मान हलवली आणि बसला. मग स्वतःच म्हणाला, "पण रोप टाकायच्या आधी चार गावांत फिरून बघता येईल, कुणी किती टाकलंय ते."

त्या रात्री मी वडिलांना फोनवर ही हकिकत सांगितली. ते आता थकलेत, दुकान बंद होऊनही बरीच वर्षं झाली. ऐकून ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुला ते तेलाचे डबे आठवतात का?"

मला आठवत होते. दिवाळीच्या तोंडावर तेलाची टंचाई होणार अशी हूल उठली होती. घाऊक व्यापारी मागितलेल्याच्या निम्मंच पाठवणार हे गृहीत धरून वडिलांनी दोन व्यापाऱ्यांकडे प्रत्येकी दुप्पट डबे मागवले. गावातल्या प्रत्येक दुकानदाराने तेच केलं असणार. टंचाई काही आली नाही, दोन्हीकडून सगळा माल आला. डबे दुकानात मावेनात म्हणून आमच्या झोपायच्या खोलीत, पलंगाखाली, देवघराशेजारी रचले होते. माघ उजाडला तरी घरात तेलाचा वास होता आणि आई काही बोलत नव्हती. ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या चार कारणांपैकी एक हेच आहे, टंचाईच्या भीतीने फुगवलेली मागणी. मी ते शेकडो मुलांना शिकवलं आणि एकदाही मला ते डबे आठवले नव्हते.

"त्या वर्षी मी तार बघितलीच नाही," वडील म्हणाले. "बिल्ट्या लागल्या होत्या पहिल्याच. पण सगळे मागवतायत म्हटल्यावर हात थांबला नाही."

यंदा मी लॅबमध्ये चार खिळे ठोकून घेतले आणि चार तारा वाकवल्या. नियम एकच वाढवला. मागणीचा आकडा कॉम्प्युटरवर टाकला की त्याची चिठ्ठी लिहून तारेत ओवायची, माल आला की काढायची, आणि नवा आकडा टाकण्याआधी मोठ्याने बोलायचं: हातात किती, देणं किती, वाटेवर किती. याने जादू होत नाही. चार गटांपैकी दोघांनी याही वर्षी डोंगर उभा केलाच. तिसऱ्याचा बराच बुटका झाला.

चौथ्या गटात घाऊक व्यापाऱ्याच्या खुर्चीत एक मुलगा होता. दहावा आठवडा, पडद्यावर उणे 9, खालून मागणी 12. शेजारचा गट आरडाओरडा करत होता. त्याने 25 टाईप केले, मग बोट एंटरवर न नेता तो उठला आणि तारेशी गेला. पाच चिठ्ठ्या होत्या. त्या त्याने अंगठ्याने एकेक सरकवून मोजल्या, ओठ हलवत बेरीज केली, पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. मग खुर्चीत येऊन 25 खोडले आणि 8 टाकले.